घरात ७० लाख, बाहेर ७ कोटी: मग आयरिश नक्की कोण?

गेल्या ऑक्टोबरात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चांगलीच जुंपली होती. पोरांना हॅलोविन करायचा होता, म्हणजे काळे कपडे, प्लॅस्टिकचे भोपळे, दारोदार फिरून चॉकलेटं गोळा करणं वगैरे, आणि एका काकांनी मेसेज टाकला की हे अमेरिकन खूळ आपल्याकडे कशाला. मग काय, रात्री बारापर्यंत रिप्लाय. मला गंमत वाटली ती वेगळीच, भांडणाऱ्या दोन्ही पार्ट्यांना एक गोष्ट मात्र पक्की ठाऊक होती, ती म्हणजे हॅलोविन अमेरिकेचा.

तो मुळात अमेरिकेचा नाहीच. आयर्लंडमधनं (थोडा स्कॉटलंडमधनंही) तो जहाजात बसून तिकडं गेला, तिथं सलगम सोडून भोपळा धरला, गोरागोमटा होऊन टीव्हीवर आला आणि मग आपल्या सोसायटीत उतरला. १७ मार्चचं सेंट पॅट्रिक डेचं, म्हणजे आयर्लंडच्या संताच्या सणाचं, हिरवं खूळ पण तसलंच, फक्त त्याचा प्रवास अजून उलटसुलट आहे. आणि हे सगळं नेणारे लोक म्हणजे आयर्लंड सोडून गेलेले आयरिश, ज्यांची पाचवी सहावी पिढी अजून "आय ॲम आयरिश" म्हणते आणि ज्यांना बघून खुद्द आयर्लंडमधले लोक कधी कौतुकानं हसतात, कधी कपाळाला हात लावतात.

आधी आकडे बघा, तेच विचित्र आहेत

१८४१ च्या जनगणनेत आयर्लंड बेटावर साधारण ८२ लाख माणसं होती. आज बेटाचे दोन्ही भाग, म्हणजे स्वतंत्र आयर्लंड आणि ब्रिटनकडे असलेला उत्तर आयर्लंड, मिळून जेमतेम ७० लाखांच्या थोडं वर. पावणेदोनशे वर्षांत जगाची लोकसंख्या कुठल्या कुठं गेली आणि हे बेट अजून जुन्या आकड्याला पोचलेलं नाही. उलट बाहेर बघाल तर अमेरिकेत ३ कोटींहून जास्त लोक आपलं मूळ आयरिश सांगतात, आणि आयरिश सरकार जगभराचा मिळून ७ कोटींचा आकडा वापरतं.

अशा विखुरलेल्या लोकांना डायस्पोरा म्हणतात. मूळ शब्द ग्रीक, अर्थ बी विखुरणं. पेरणं नव्हे हं, विखुरणं. पेरणारा माणूस ठरवून टाकतो, इथं वाऱ्यानं नेलं.

वारा कुठला तर बटाट्याचा. १८४५ ला बटाट्यावर करपा आला. आता एका भाजीवर रोग पडला म्हणून देश कसा रिकामा होईल असं वाटतं, पण तिथला गरीब कुळवाडी माणूस, म्हणजे लोकसंख्येचा मोठा हिस्सा, जवळजवळ फक्त बटाट्यावरच जगत होता. जमीन जमीनदाराची, वाट्याला तुकडाभर, आणि एवढ्याशा तुकड्यात अख्खं कुटुंब जगवेल असं पीक एकच. त्यातही बहुतेक ठिकाणी लंपर नावाचं एकच वाण. सगळी पुंजी एका पतपेढीत आणि ती पतपेढी रातोरात बुडाली, असं समजा. धान्य पिकत होतं, पण ते खंडापायी विकलं जायचं आणि बंदरातनं इंग्लंडला जायचं. १८४५ ते १८५२ मध्ये साधारण १० लाख मेले आणि त्याहून थोडे जास्तच देश सोडून गेले.

दुष्काळ संपल्यावर जाणं थांबलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. ते थांबलंच नाही. एक बहीण बोस्टनला कुणाच्या घरी मोलकरीण म्हणून लागली की तिच्या पैशातनं पुढच्या भावाचं तिकीट, त्याच्या पैशातनं त्याच्या पुढच्याचं. कोकणातला एक माणूस गिरणीत लागला की अख्खी वाडी त्याच्या खोलीवर येऊन पथारी टाकायची ना, तसंच, फक्त हे चाकरमानी गणपतीला परत येऊ शकत नव्हते. मधे अख्खा अटलांटिक.

म्हणून तर जाण्याच्या आदल्या रात्री जी बैठक व्हायची तिला नाव पडलं अमेरिकन वेक. वेक म्हणजे मयताशेजारी रात्रभर जागायची पद्धत, तंबाखू, चहा, दारू, गोष्टी, खेळसुद्धा. तीच बैठक जिवंत पोरासाठी. रात्रभर नाचगाणं आणि पहाटे आया हेल काढून रडायच्या, कारण घरच्यांच्या हिशेबानं ते पोरगं गेलंच.

मग सामानात काय नेलं?

पैसा नव्हताच. भाषा होती, पण दुष्काळानं सगळ्यात जास्त झोडपला तो पश्चिम किनारा, आणि आयरिश भाषा घट्ट टिकलेली तीही तिथंच. शिवाय अमेरिकेत जायचं तर इंग्रजी पाहिजे म्हणून घरातलेच लोक पोरांच्या तोंडातनं आयरिश काढून घ्यायला लागले होते. त्यामुळे राहिलं काय, तर गोष्टी, समजुती, सणवार, गाणी. याला लोकपरंपरा म्हणू.

इथं मला जे सांगायचंय ते असं, की लोकपरंपरा एका गठ्ठ्यात जात नाही. काही गोष्टी जागेला बांधलेल्या असतात, काही तारखेला आणि काही आडनावाला. कोण कशाला बांधलंय त्यावर ठरतं जहाजात कोण चढणार.

जागेवाल्यांपासून सुरू करू. आयरिश परी म्हटल्यावर पंख आणि जादूची कांडी डोक्यातनं काढून टाका. ही माणसाएवढी, मानी, खुनशी मंडळी, टेकाडाखाली राहणारी, दूध नासवणारी, बाळ पळवून त्याच्या जागी आपलं किरकिरं पोर ठेवणारी. लोक त्यांचं नाव घेत नसत, 'चांगली माणसं' म्हणत. आपल्याकडे रात्री सापाचं नाव न घेता लांबडं म्हणतात, किंवा त्या भयंकर रोगाला देवी आल्या म्हणायचे, अगदी तोच हिशेब. त्यांची घरं म्हणजे शेतात दिसणारे गोल मातीचे बांध, ज्यांना परीचे किल्ले म्हणतात. खरं तर ते हजार दीड हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या वाड्यांभोवतीचे तट आहेत, आयर्लंडभर ४० हजारांच्या वर, आणि ते टिकले याचं एक मोठं कारण म्हणजे कुणी शेतकरी त्यावर नांगर घालायला धजायचा नाही. देवराईतलं लाकूड तोडत नाहीत ना, तसं. पुरातत्त्व खातं यायच्या कितीतरी आधी हे राखणदार होते.

हे जुनं झालं असं वाटत असेल तर १९९९ बघा. क्लेअर परगण्यात लाटून इथं नवा हायवे जाणार होता आणि वाटेत एक काटेरी झुडूप होतं, हॉथॉर्नचं. एडी लेनिहान नावाचे तिथले नामांकित कथाकार उभे राहिले आणि म्हणाले हे झुडूप चांगल्या माणसांचं आहे, तोडलंत तर त्या रस्त्यावर अपघात होतील. बातमी जगभर गेली, आणि रस्त्याचा प्लॅन थोडा सरकवून झुडूप कुंपण घालून ठेवलं गेलं. २००२ मध्ये कुणीतरी रात्री येऊन त्याच्या सगळ्या फांद्या कापल्या. ते परत फुटलं.

पण हे सगळं गोड गोड म्हणून सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. १८९५ मध्ये टिपेररी परगण्यात ब्रिजेट क्लिअरी नावाच्या तरुण बाईला तिच्या नवऱ्यानं जाळून मारलं, का तर ती आजारी पडली आणि त्याचं म्हणणं होतं की ही माझी बायको नाहीच, खरी बायको त्या लोकांनी नेली आणि हे बदलून ठेवलंय. घरात नातेवाईक बसलेले होते. नवऱ्याला शिक्षा झाली, सुटल्यावर तोही अटलांटिक ओलांडून कॅनडाला गेला. लोककथा म्हणजे पोस्टकार्ड नव्हे, एवढ्यासाठी हे सांगितलं.

आता बोस्टनच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, कुठला आलाय मातीचा तट? तिथं टेकाड नाही, ते काटेरी झुडूप नाही, अमुक वळणावर तमक्याला काय दिसलं होतं ते वळणच नाही. जागा गेली की गोष्ट लंगडी होते. त्यामुळे परीलोक बहुतांशी मागंच राहिले. गेला तो लेप्रकॉन, तो पण वेष बदलून. गावच्या गोष्टीतला लेप्रकॉन म्हणजे एकटा राहणारा, तुसडा, बूट शिवणारा बुटका मोची, एकोणिसाव्या शतकातल्या वर्णनांत बऱ्याचदा लाल कोट घातलेला. अमेरिकेत त्याचा कोट हिरवा झाला, चेहरा हसरा झाला, आणि तो नाश्त्याच्या खोक्यावर आणि बोस्टनच्या बास्केटबॉल टीमच्या लोगोवर जाऊन बसला. जुन्या गोष्टींत तो तसा किरकोळ पात्र होता बिचारा.

तारीख मात्र कुठंही नेता येते

जागेला पासपोर्ट मिळत नाही पण तारखेला व्हिसा लागत नाही. ३१ ऑक्टोबरची रात्र आणि १ नोव्हेंबर म्हणजे साउइन, सुगी संपली, गुरं कुरणावरनं खाली आणली, थंडी सुरू. आयरिश भाषेत नोव्हेंबर महिन्याचं नावच साउइन आहे. त्या रात्री या जगाची आणि त्या जगाची वेस सैल होते, मेलेले घरी येऊन जातात अशी समजूत, म्हणजे सर्वपित्रीच्या जवळपासचं काहीतरी, फक्त त्यात दंगामस्ती, मुखवटे आणि सलगम कोरून केलेले दिवे. बार्मब्रॅक नावाच्या गोडसर मनुकेवाल्या पावात अंगठी लपवतात, ज्याच्या तुकड्यात येईल त्याचं लग्न आधी. हे सगळं न्यूयॉर्कच्या एका खोलीतही करता येतं. सलगमपेक्षा भोपळा कोरायला किती सोपा हे तिथं कळलं आणि पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

आडनावाला बांधलेली गोष्ट म्हणजे बॅनशी. सिनेमांनी तिची हडळ केली, पण ती कुणाला मारत नाही, झपाटत नाही. घरातलं कुणी मरणार असेल तर ती आधी रडते, एवढंच. आणि ती सगळ्यांसाठी रडत नाही, परंपरेप्रमाणे फक्त ओ आणि मॅक लागणाऱ्या जुन्या घराण्यांसाठी. (रस्त्यात पडलेला कंगवा उचलू नये असंही सांगतात, तो तिचा असतो, ती घ्यायला येते.) मला यातला सगळ्यात आवडलेला भाग हा की घराण्यातला माणूस अमेरिकेत मेला तरी बॅनशी रडते ती गावच्या जुन्या घरामागे. पत्र सहा आठवड्यांनी यायच्या काळात गावच्या लोकांनी ही सोय करून ठेवली होती. पोरगं कितीही लांब गेलं तरी ते कुणाचं याची नोंद गावात राहायची.

थांबा, मग न्यूफाउंडलँडचं काय?

जाणकार इथं हात वर करतील, आणि बरोबर करतील. कॅनडाच्या पूर्व टोकाला न्यूफाउंडलँड नावाचं बेट आहे, आयरिश भाषेत त्याला स्वतःचं नाव आहे, अर्थ 'माशांची भूमी'. तिथं परीलोक पोचले. खिशात पावाचा तुकडा ठेवून रानात जायचं म्हणजे ते वाट चुकवत नाहीत, असं तिथली म्हातारी माणसं सांगत आली आहेत. हे कसं झालं? तर तिथं गेलेले लोक दुष्काळाच्या आधीचे, आणि बहुतेक वॉटरफर्ड, वेक्सफर्ड अशा एकाच टापूतले. मासेमारीच्या छोट्या छोट्या खाडीकिनारी एकत्र राहिले, बाहेरचा संपर्क कमी, आजूबाजूला धुकं, दलदल, रान. म्हणजे शेजारी तेच आणि भीती वाटावी अशी जागाही मिळाली. तिथल्या काही गावांत आजही बोलण्याचा सूर वॉटरफर्डचा वाटतो. बोस्टनला शेजारी होते, रान नव्हतं.

पण अमेरिकेतलं आयरिशपण नकली नाही का?

हा नेहमीचा आक्षेप. आयर्लंडमध्ये यासाठी शिवीवजा शब्दच आहे, प्लॅस्टिक पॅडी, म्हणजे हिरवी टोपी घालून फिरणारा हौशी आयरिश. उदाहरण म्हणून कॉर्न्ड बीफ दाखवतात. अमेरिकेत सेंट पॅट्रिक डेला कॉर्न्ड बीफ आणि कोबी खाल्ल्याशिवाय चालत नाही आणि आयर्लंडचा माणूस म्हणतो आम्ही तर डुकराचं बेकन आणि कोबी खातो बाबा. झालं असं की गावाकडे गाय दुधासाठी, तिचं मांस गरिबाला परवडायचं नाही. न्यूयॉर्कला आल्यावर बेकन महाग आणि शेजारच्या ज्यू खाटकाकडचं खारवलेलं बीफ स्वस्त. बायकांनी जे मिळालं त्यात घरची चव शोधली. याला नकली म्हणायचं असेल तर लंडनमध्ये टॉर्टिया लाटून पुरणपोळी करणाऱ्या मावशींनाही म्हणा.

आणि उलटी गंगा बघितली की 'खरं' कुठं आणि 'कॉपी' कुठं हेच कळेनासं होतं. सेंट पॅट्रिक डेची परेड घ्या. आधी एक गंमत, पॅट्रिक स्वतः आयरिश नव्हताच, तो रोमन ब्रिटनमधला, चाच्यांनी गुलाम म्हणून पळवून आणलेला. न्यूयॉर्कची परेड १७६२ पासूनची, म्हणजे अमेरिका देश व्हायच्या आधीची. आयर्लंडमध्ये तो दिवस चर्चमध्ये जायचा, आणि १९२० च्या दशकापासून साधारण १९६० पर्यंत त्या दिवशी दारूचे पबच बंद असायचे, डब्लिनमध्ये उघडी दारू मिळायची ती कुत्र्यांच्या प्रदर्शनात, त्यामुळे कुत्रेप्रेमींची गर्दी एकदम वाढायची म्हणतात. शिकागोवाले १९६२ पासून नदी हिरवी रंगवतायत. डब्लिनचा आजचा मोठा फेस्टिव्हल सुरू झाला १९९६ ला! म्हणजे मुलानं बापाला सण शिकवला.

संगीताचं तर विचारूच नका. फ्रान्सिस ओनील नावाचा कॉर्कचा माणूस शिकागोचा पोलीस प्रमुख झाला. त्याच्या हाताखाली भरपूर आयरिश पोलीस, वेगवेगळ्या परगण्यांतले, प्रत्येकाच्या डोक्यात आपल्या गावचे सूर. आयर्लंडमध्ये राहिला असता तर ही माणसं त्याला एका जागी कधीच भेटली नसती. त्यानं ते सूर गोळा केले आणि १९०३ मध्ये १८५० सुरांचा संग्रह छापला, आणि तो आयर्लंडमध्ये परत जाऊन वादकांचा आधार झाला. पुढं १९२० च्या दशकात मायकल कोलमन या स्लायगोच्या फिडलवाल्यानं न्यूयॉर्कमध्ये रेकॉर्डी काढल्या, त्या तबकड्या पार्सलातनं गावोगाव पोचल्या आणि दुसऱ्या परगण्यांतले लोकही स्लायगोसारखं वाजवायला लागले. १९९४ ला डब्लिनमध्ये युरोव्हिजन या युरोपातल्या गाण्यांच्या स्पर्धेच्या मध्यंतरात रिव्हरडान्स झाला, ज्यानं आयरिश नाच जगभर नेला, त्यातले मुख्य दोघे नाचणारे अमेरिकेत जन्मलेले. मायकल फ्लॅटली शिकागोचा आणि जीन बटलर न्यूयॉर्कची. प्लॅस्टिक म्हणणाऱ्यांनी त्या संध्याकाळी टाळ्या वाजवल्याच असतील.

आक्षेपात दम आहे तो दुसऱ्या ठिकाणी. बाहेर गेलेल्या माणसाचं घड्याळ तो निघाला त्या दिवशी थांबतं. १९८० साली न्यू जर्सीला गेलेल्या आपल्या काकांना आजचं पुणं सांगून बघा, ते ऐकूनच घेत नाहीत. आयरिश अमेरिकनांचं घड्याळ दुष्काळावर आणि इंग्रजांवरच्या रागावर थांबलेलं होतं, आणि उत्तर आयर्लंडमध्ये बॉम्ब फुटत होते त्या १९७०, ८० च्या काळात न्यूयॉर्कच्या नोरेड या संस्थेवर आयआरएच्या, म्हणजे ब्रिटनविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र आयरिश संघटनेच्या, हत्यारांसाठी पैसे पाठवल्याचे आरोप होत राहिले. पबमध्ये डब्यात डॉलर टाकणाऱ्याला बेलफास्टच्या रस्त्यावर चालायचं नव्हतं. पण १९९८ च्या शांतता कराराच्या वाटाघाटी चालवणारे जॉर्ज मिचेलही अमेरिकनच होते, हेही तेवढंच खरं.

आडनाव आहे, गाव कुठाय?

दरवर्षी हजारो अमेरिकन आयर्लंडला 'मुळं शोधायला' येतात आणि त्यातले कितीतरी विमानतळावरच अडतात, कारण त्यांना एवढंच माहीत असतं की आम्ही सलिव्हन, बहुतेक कॉर्कचे. आपल्याकडे आडनाव ऐकलं की गाव कळतं, चिपळूणकर, सातारकर, बोरगावकर. आयरिश आडनावात गाव नसतंच, पूर्वज असतो. मॅक म्हणजे मुलगा, ओ म्हणजे नातू किंवा वंशज. म्हणजे हजारएक वर्षांपूर्वीचा पणजोबाचा पणजोबा माहीत, पण आजोबाचा बाप कुठल्या वाडीत राहायचा ते माहीत नाही. आणि सलिव्हन कॉर्क केरी भागात जागोजाग.

तिथं जमिनीचा सगळ्यात छोटा घटक असतो टाउनलँड, आपली वाडी समजा, अशा ६० हजारांवर. ती वाडी सापडली की शोध लागला. पण कागद कुठनं आणणार? १९२२ मध्ये यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतलं सरकारी दप्तर जळून गेलं, शतकानुशतकांची कागदपत्रं. एकोणिसाव्या शतकातल्या काही जनगणनांचे कागद तर त्याआधी सरकारनंच नष्ट केले होते. राहिल्यात त्या १९०१ आणि १९११ च्या जनगणना, त्या फुकट ऑनलाइन बघता येतात, आणि त्याआधीची ग्रिफिथची शेतसारा मोजणी, ज्यात प्रत्येक कुळाचं नाव आणि वाडी आहे. आपला सातबारा शोधायला तलाठ्याकडे चकरा मारलेल्यांना या लोकांचं दुःख पटकन कळेल.

दोन गैरसमज जाता जाता. एलिस आयलंडवर, म्हणजे न्यूयॉर्कला जहाजातनं आलेल्यांची नोंद व्हायची त्या बेटावर, क्लार्कनं आमचं आडनाव बदललं, असं हजारो घरांत सांगतात. तसं व्हायचं नाही, क्लार्क जहाजाची यादी समोर ठेवून टिक करायचा, आणि आयरिश नावांचं इंग्रजीकरण त्याआधी गावातच झालेलं होतं. दुसरं, 'तुमच्या आडनावाचं राजचिन्ह' म्हणून दुकानात जे कप आणि कीचेन विकतात, तशी चिन्हं आडनावाला मिळत नाहीत, एका माणसाला मिळतात.

आणि घरच्या आठवणी किती घसरतात त्याचं उदाहरण म्हणजे ॲनी मूर. १ जानेवारी १८९२ ला एलिस आयलंड सुरू झालं तेव्हा पहिली उतरलेली ही कॉर्कची १७ वर्षांची पोरगी. कित्येक वर्षं सगळे सांगत होते की ती पुढं टेक्ससला गेली, तिच्या वारसांना कार्यक्रमांना बोलवत होते. २००६ ला उघड झालं की टेक्ससवाली ॲनी मूर वेगळीच, ती तर इलिनॉयमध्ये जन्मलेली. खरी ॲनी न्यूयॉर्कमध्येच राहिली, गरिबीत संसार केला आणि तिथंच मेली.

कागद मिळाला नाही तरी गोष्ट मिळू शकते मात्र. १९३७ ते ३९ मध्ये आयरिश लोकपरंपरा आयोगानं भन्नाट काम केलं, सुमारे ५ हजार शाळांतल्या ५० हजार मुलांना सांगितलं की घरी जाऊन आजीआजोबांना विचारा आणि लिहून आणा, भुताच्या गोष्टी, औषधं, खजिने, दुष्काळाच्या आठवणी, सगळं. त्या वह्या आता दूखस नावाच्या साइटवर वाचता येतात. दूखस या आयरिश शब्दात वारसा, मूळ ठिकाण आणि जन्मजात स्वभाव असे तिन्ही अर्थ येतात. वाडी माहीत असलेला शिकागोचा माणूस घरी बसून वाचू शकतो की आपल्या पणजीच्या शेजारच्या पोरानं बॅनशीबद्दल काय लिहिलं होतं.

शेवटी कायदा काय म्हणतो?

कायदा म्हणतो आजी दाखवा. तुमचा आजा किंवा आजी आयर्लंड बेटावर जन्मलेली असेल तर तुम्ही परदेशी जन्मनोंदणीत नाव घालून आयरिश नागरिक होऊ शकता, एकदाही तिकडं पाऊल न ठेवता. २०१६ च्या ब्रेक्झिटच्या मतदानानंतर ब्रिटनमधल्या कितीतरी लोकांना अचानक आपली आयरिश आजी आठवली, आणि २०२२ मध्ये एका वर्षात १० लाखांच्या वर आयरिश पासपोर्ट निघाले. पणजी असेल तर सहसा भागत नाही, तुमच्या आईनं किंवा बापानं तुमच्या जन्माआधी नोंद केलेली पाहिजे. (आपलं ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते, या बाबतीत ढिलं आहे, ते पणतवंडांपर्यंत चालतं.)

आता याची दुसरी बाजू. २००४ पर्यंत आयर्लंडमध्ये जन्मलेलं प्रत्येक मूल आयरिश असायचं. मग सार्वमत झालं, साधारण ७९ टक्क्यांनी हो म्हटलं, आणि २००५ पासून परदेशी आईबापांच्या मुलाला ते आपोआप मिळत नाही, आईबापांपैकी एकानं तरी आधीच्या चार वर्षांतली तीन वर्षं तिथं रीतसर काढलेली हवीत. म्हणजे बोस्टनमध्ये जन्मलेला, आजीचा फोटो तेवढा बघितलेला माणूस हक्कानं आयरिश, आणि डब्लिनच्या दवाखान्यात जन्मलेलं, डब्लिनच्या शाळेत आयरिश भाषा शिकणारं पोरगं कदाचित नाही. मला हे अजिबात पटत नाही, पण लोकांनी मत देऊन केलेलं आहे. आणि पासपोर्ट मिळालेल्या बोस्टनवाल्याला तिथल्या निवडणुकीत मत मात्र नाही, परदेशात राहणाऱ्यांना थोडे सरकारी अपवाद सोडले तर ते मिळतच नाही.

याच्यात सरकारला पैसा दिसतो का? दिसतो की. २०११ ला सरकारनं 'आयरिश वारशाचं प्रमाणपत्र' विकायला काढलं, फ्रेम करून भिंतीवर लावायला, हक्क शून्य. कुणी फारसं घेतलं नाही, २०१५ ला बंद. २०१३ ला 'द गॅदरिंग' म्हणून मोठी मोहीम काढली, या परत गावी या, तेव्हा हॉलिवूडमधले आयरिश नट गॅब्रिएल बर्न यांनी सरळ सांगितलं की हा डायस्पोराच्या खिशात हात घालायचा प्रकार आहे.

रक्ताचंच धरायचं तर मग हे दोघं बघा

एक, कॅरिबियनमधलं माँटसेराट बेट. आयर्लंडबाहेर १७ मार्चला सरकारी सुट्टी देणाऱ्या मोजक्या जागांपैकी ही एक. पासपोर्टवर शिक्का मारतात तो शॅमरॉकचा, म्हणजे आयर्लंडची खूण असलेल्या तीन पानांचा, लोकांची आडनावं रायली, स्वीनी, फॅरेल. आणि लोक बहुतेक आफ्रिकन वंशाचे. सतराव्या शतकात तिथं आयरिश आले, काही करारानं बांधलेले मजूर म्हणून, पण त्यातले कितीतरी पुढं उसाच्या मळ्यांचे आणि गुलामांचे मालक झाले. १७ मार्च १७६८ ला गुलामांनी उठावाचा बेत केला, मालक सणाच्या दारूत असतील म्हणून, बेत फुटला आणि पुढाऱ्यांना फाशी झाली. आजची सुट्टी पॅट्रिकची पण आहे आणि त्यांची पण. इंटरनेटवर "आयरिश लोकही गुलामच होते" असं फिरवतात ना, त्यांना हे बेट दाखवायचं. मजुरीचा करार संपायचा, गुलामी आईकडून पोराकडे जायची.

दोन, लिओ वराडकर. वडील मुंबईचे डॉक्टर, मूळ गाव सिंधुदुर्गात मालवण तालुक्यातलं वराड, आई वॉटरफर्ड परगण्यातल्या डंगार्व्हनची, जन्म डब्लिनचा. २०१७ ला ते आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा आपल्याकडे पेपरांत 'मराठी माणूस' म्हणून पहिल्या पानावर आले, आणि डिसेंबर २०१९ ला वराडला आले तेव्हा गावानं घरचं पोर आल्यासारखं स्वागत केलं. हसू नका, मनीगॉल नावाच्या छोट्या आयरिश गावानं बराक ओबामांचं हेच केलं होतं. १८५० मध्ये तिथनं अमेरिकेला गेलेला फालमथ कर्नी हा ओबामांच्या आईकडचा पूर्वज निघाला, २०११ ला ओबामा येऊन पबमध्ये एक गिनेस बिअर पिऊन गेले आणि आज तिथल्या हायवेवर 'बराक ओबामा प्लाझा' नावाचा पेट्रोलपंप आणि फूडकोर्ट आहे.

वराडकरांच्या आडनावात गाव आहे हे आयरिश लोकांना कुणीतरी समजावून सांगायला हवं होतं. ते बिचारे पूर्वज शोधत बसले असतील.